केट कुठे गेली? राजवाड्यातली अफवा आपल्या मोबाइलपर्यंत कशी येते

१० एप्रिल २०१६ रोजी ब्रिटनचे राजपुत्र विल्यम आणि त्यांची पत्नी केट मुंबईत होते. ताजमहाल हॉटेलात २६/११च्या मृतांना आदरांजली, बाणगंगेजवळच्या वस्तीला भेट आणि ओव्हल मैदानावर सचिन तेंडुलकर, दिलीप वेंगसरकर यांच्या सोबतीने पोरांबरोबर क्रिकेट. केटनेही बॅट हातात घेतली होती. मुंबईकरांनी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो पाहिले आणि विषय संपला. आठ वर्षांनी, मार्च २०२४मध्ये, हीच केट आपल्याकडच्या मोबाइलवर कोमात गेली, नवऱ्यापासून वेगळी झाली, तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी भलतीच बाई फिरू लागली. सोसायटीच्या ज्या ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर किती वाजता येणार एवढीच चर्चा असते, तिथेही हे येऊन पोचलं.

यातलं काही खरं नव्हतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुतूहल आहे ते या प्रवासाचं. लंडनच्या एका बंद दारामागे काय चाललंय याची काडीमात्र माहिती नसलेली लाखो माणसं, एकमेकांना न भेटता, एकच गोष्ट रचत कशी जातात? कुणीतरी बसून कट रचतो आणि भोळे लोक फसतात, असं आपण सहसा धरून चालतो. प्रत्यक्षात असा सूत्रधार बहुतेक वेळा नसतोच.

आधी, घडलं काय ते पाहू. केट सगळ्यांसमोर दिसली होती ती २५ डिसेंबर २०२३ला, नाताळच्या दिवशी, सँड्रिंगहॅमच्या चर्चपाशी. १७ जानेवारी २०२४ला केन्सिंग्टन पॅलेसने, म्हणजे विल्यम-केटच्या कचेरीने, छोटंसं निवेदन काढलं. पोटाची आधीच ठरलेली शस्त्रक्रिया झाली आहे, दहा ते चौदा दिवस रुग्णालयात राहावं लागेल आणि ईस्टर होईपर्यंत ती सार्वजनिक कामांना परतण्याची शक्यता नाही, एवढंच त्यात होतं. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता. म्हणजे अडीच महिने ती सार्वजनिक कामांत दिसणार नाही हे राजवाड्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, आणि ती दिसली नाही. कॅलेंडर समोर ठेवून पाहिलं तर यात गूढ असं काहीच नव्हतं.

त्याच दिवशी राजे चार्ल्स यांच्याबद्दलही निवेदन आलं. त्यात आजाराचं नाव होतं: प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे, पुढच्या आठवड्यात उपचार होतील. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेबसाइटवर प्रोस्टेटची माहिती वाचणारे त्या दिवशी कित्येक पटींनी वाढले. ५ फेब्रुवारीला राजांना कर्करोग असल्याचंही बकिंगहॅम पॅलेसने जाहीर केलं. एकाच घरातले दोन पेशंट, एकाच दिवशी आलेली दोन निवेदनं. एकात आजार होता, दुसऱ्यात फक्त तारखा होत्या. हा फरक पुढे महागात पडला.

तरीही महिनाभर बऱ्यापैकी शांतता होती. ठिणगी पडली २७ फेब्रुवारीला. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये ग्रीसचे दिवंगत माजी राजे कॉन्स्टंटाइन यांच्यासाठी प्रार्थनासभा होती. विल्यम तिथे जाणार होते आणि ऐनवेळी ‘वैयक्तिक कारणामुळे’ गेले नाहीत. एवढं एक वाक्य. त्या संध्याकाळपासून ‘केट कुठे आहे’ हा प्रश्न जगभर फिरू लागला.

गुणाकार

अफवांवरचं सगळ्यात जुनं आणि अजून टिकून असलेलं सूत्र १९४७चं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अफवांचा अभ्यास करून ते मांडलं. अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व गुणिले माहितीतली संदिग्धता. गुणाकार आहे, बेरीज नाही, हे महत्त्वाचं. दोन्हींपैकी एक जरी शून्य झालं तरी उत्तर शून्य. शेजारच्या इमारतीतला अनोळखी माणूस आठवडाभर दिसला नाही तर संदिग्धता भरपूर, पण आपल्याला त्याचं काही पडलेलं नसतं, म्हणून अफवा होत नाही. उद्या सूर्य उगवणार का हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्यात शंका नाही, म्हणून तिथेही अफवा नाही.

राजघराण्यात हे दोन्ही आकडे कायम मोठे असतात.

महत्त्वाचं आधी बोलू, कारण कुणी म्हणेल, दादरच्या माणसाला विंडसरचं काय पडलंय? पडलेलं असतं. गेटवे बांधलं ते पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरले म्हणून. परळच्या केईएम रुग्णालयाच्या नावातला ‘के’ आणि ‘ई’ म्हणजे किंग एडवर्ड. काळा घोडा ज्याचा, तोही तोच एडवर्ड, राजा व्हायच्या आधीचा. आणि हे नातं नुसतं दगडी नाही. चार्ल्स २००३मध्ये चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, २००५मध्ये त्यांच्या दुसऱ्या लग्नाचं आमंत्रण मुंबईच्या डबेवाल्यांना आलं आणि त्यांचे प्रतिनिधी गेलेही. २०१८मध्ये हॅरीच्या लग्नाला डबेवाल्यांनी मेगनसाठी पैठणी पाठवली. साम्राज्य गेलं, राग बराचसा निवला, उरलं ते थोडंसं ‘आपल्या ओळखीचे लोक’ असं काहीतरी. मला हे गमतीचं वाटतं, पण अफवेला तेवढी ओळख पुरते.

आता संदिग्धता. सिनेनट महिनाभर दिसला नाही तर सुट्टीवर असेल असं आपण म्हणतो. राजघराण्यातल्या माणसाचं तसं नसतं. ब्रिटनमध्ये राजा आणि त्याचे कुटुंबीय कोणत्या दिवशी कुठे गेले, कुणाला भेटले, याची अधिकृत नोंद दोनशे वर्षांहून जास्त काळ प्रसिद्ध होत आली आहे. दिसणं हेच त्यांचं काम. त्यामुळे त्यांची गैरहजेरी मोजता येते, दिवसागणिक. त्यात त्या घराण्याची जुनी रीत अशी की तक्रार करायची नाही आणि खुलासाही द्यायचा नाही. रोज दिसणारं माणूस दिसेनासं झालं आणि विचारलं तर उत्तर नाही. यापेक्षा सुपीक जमीन कुठली?

इंटरनेटवर काम करणाऱ्या अभ्यासकांनी या जागेला माहितीची पोकळी म्हटलं आहे. एखाद्या प्रश्नावर शोधणारे पुष्कळ आणि विश्वासार्ह मजकूर जवळपास शून्य, अशी स्थिती आली की शोधयंत्र रिकामं पान दाखवत नाही. ते जे असेल ते वर आणतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात केटबद्दल शोधणाऱ्यांना राजवाड्याचं दीड महिन्यापूर्वीचं छोटंसं निवेदन आणि शेकडो तर्क, एवढंच मिळत होतं. साहजिकच तर्क वाचले गेले.

भाऊंचा तोतया

हे सगळं मोबाइलमुळे झालं असं म्हणणाऱ्यांनी मराठ्यांच्या इतिहासातलं एक प्रकरण आठवावं. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या प्रेताची ओळख पटवण्यावरून सुरुवातीपासून घोळ होता. पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू मानलाच नाही आणि पुढची वीस-बावीस वर्षं, मरेपर्यंत, त्या सौभाग्यवती म्हणून राहिल्या. या संशयातून भाऊ म्हणवणारा एक माणूस उभा राहिला. तो कनोजी ब्राह्मण, नाव सुखनिधान. पकडला गेला, तोतया ठरला, कैदेत पडला. पण १७७६मध्ये रत्नागिरीच्या अंमलदारानेच त्याला सोडलं आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले आणि हजारो माणसं त्याच्या बाजूला गेली. पुण्याला फौज पाठवावी लागली. शेवटी आंग्र्यांनी त्याला पकडलं आणि पुण्यात देहदंड झाला.

पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, एकदा खोटा ठरलेला माणूस, पुन्हा एवढे लोक गोळा करतो ते कशाच्या जोरावर? १७७६मध्ये पुण्याचा कारभार नाजूक होता. नारायणराव पेशव्यांचा खून होऊन तीनच वर्षं झाली होती, गादीवर दोन वर्षांचं मूल होतं, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला होते. भाऊ परत यावेत असं वाटणारे पुष्कळ होते आणि भाऊ गेले याचा निर्विवाद पुरावा कुणाकडे नव्हता. महत्त्व आणि संदिग्धता, दोन्ही भरघोस. ‘ही केट नव्हेच’ म्हणणाऱ्या २०२४च्या लोकांनी नवीन काही शोधलेलं नाही. फरक वेगाचा आहे, आणि तो लहान नाही.

फोटोने घात केला

१० मार्च २०२४ला ब्रिटनमध्ये मातृदिन होता. केन्सिंग्टन पॅलेसने केट आणि तिच्या तीन मुलांचा हसरा फोटो प्रसिद्ध केला. फोटो विल्यमने काढल्याचं सांगितलं गेलं. हेतू उघड होता: बघा, ती ठीक आहे.

काही तासांत लोकांनी फोटो मोठा करून पाहायला सुरुवात केली. मुलगी शार्लटच्या बाहीची कड मनगटापाशी जुळत नव्हती. इतरही एक-दोन ठिकाणी गडबड दिसत होती. त्याच रात्री एपी, एएफपी, रॉयटर्स, गेटी अशा मोठ्या वृत्तसंस्थांनी हा फोटो मागे घेतला आणि आपल्या ग्राहकांना तो वापरू नका असं कळवलं. वृत्तसंस्थांच्या जगात ही फार जड कारवाई समजली जाते. एएफपीच्या संपादकीय प्रमुखांनी नंतर सांगितलं की फेरफारामुळे असा फोटो मागे घेण्याची वेळ पूर्वी उत्तर कोरिया किंवा इराणच्या सरकारी वृत्तसंस्थांच्या बाबतीत आली होती. केन्सिंग्टन पॅलेसची गणना त्या रांगेत! दुसऱ्या दिवशी केटच्या नावाने माफी आली. अनेक हौशी छायाचित्रकारांप्रमाणे मीही कधीकधी एडिटिंग करून पाहते, असा त्याचा आशय होता. मूळ फोटो मात्र दिला नाही.

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. घरातले चार फोटो जुळवून सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक करणं, हे आज कुणीही करतं. दिवाळीच्या फॅमिली फोटोत मोबाइलच ते परस्पर करून टाकतो. पण हा फोटो घरगुती आठवण म्हणून आलेला नव्हता, तो पुरावा म्हणून सादर झाला होता. पुराव्यात एक खाडाखोड सापडली की सगळा कागद संशयित होतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही माहीत असतं. त्या दिवसापर्यंत शंका घेणाऱ्यांकडे काहीच नव्हतं. त्यांना पहिला खरा धागा राजवाड्याने स्वतःच्या हाताने दिला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती अफवेखोरांची नव्हती.

त्यानंतर प्रत्येक खुलासा हा नवा संशय होऊन परत आला. १८ मार्चला विंडसरच्या एका दुकानात खरेदी करून बाहेर पडणाऱ्या केट आणि विल्यमचा व्हिडिओ आला. चित्रण लांबून आणि धूसर. लगेच ‘ही ती नव्हे’ सुरू झालं. केटसारखी दिसण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंना, तो व्हिडिओ माझा नाही, असं जाहीरपणे सांगावं लागलं. २२ मार्चला बागेतल्या बाकावर बसून केट स्वतः बोलली. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांत कर्करोग आढळला आहे, प्रतिबंधक केमोथेरपी सुरू आहे. हा व्हिडिओ बीबीसी स्टुडिओजने दोन दिवस आधी चित्रित केला होता. तरीही काहींनी तो एआयने बनवलेला ठरवला. अंगठी गायब झाली, पानं हलत नाहीत, असे ‘पुरावे’ आले. गेटीने व्हिडिओखाली, हे चित्रण बाहेरच्या संस्थेकडून आलेलं आहे, अशी नेहमीची छापील टीप टाकली होती. तीही पुरावा झाली.

विचारायला काय जातंय

आता पसरवणाऱ्यांकडे येऊ. सहसा कुणी छातीठोक ‘केट मेली’ असं लिहीत नव्हतं. बहुतेक पोस्ट प्रश्नार्थक होत्या. ‘काहीतरी लपवतायत, नाही का?’ ‘मी फक्त विचारतोय.’ प्रश्नाला जबाबदारी नसते. चुकला तर माघार घ्यावी लागत नाही, आणि बरोबर निघाला तर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ म्हणता येतं. समाजमाध्यमांची रचना प्रश्नाला उत्तरापेक्षा जास्त मान देते, कारण प्रश्नाखाली लोक लिहितात आणि उत्तराखाली गप्प बसतात. जिथे जास्त लिहिलं जातं ते जास्त लोकांना दाखवलं जातं. सध्या एक्स म्हणवणाऱ्या ट्विटरवर जुलै २०२३पासून पैसे भरून निळी खूण घेतलेल्या मोठ्या खात्यांना जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा मिळू लागला, आणि तेव्हा तो वाटा पोस्टखालच्या प्रतिसादांमध्ये दिसणाऱ्या जाहिरातींवर ठरत होता. म्हणजे ज्याच्याखाली भांडण जास्त, त्याला पैसा जास्त. केटवर तर्क लढवणारा माणूस वेडा असेलच असं नाही. त्याचं महिन्याचं गणित व्यवस्थित असू शकतं.

पण सगळं खापर पैशावर आणि यंत्रावरही फोडता येत नाही. २०१८मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन संशोधकांनी ट्विटरवरच्या २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. खरी बातमी दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ लागत होता. यंत्रचालित खाती वगळून पाहिली तरी चित्र बदललं नाही. हे माणसंच करत होती. कारण बहुधा नावीन्य. खोटी गोष्ट नवी असते, आणि नवी गोष्ट सांगणाऱ्याला क्षणभर का होईना, भाव मिळतो. ऑफिसच्या डब्याच्या वेळी ‘तुला कळलं का?’ म्हणणाऱ्याकडे सगळ्या माना वळतात.

आणखी एक कारण आहे, आणि ते शोधण्यामागे एक भारतीय नाव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख प्रसिद्ध केला. गंगेचं पाणी गायब झालं आणि स्नान करणारे वाळूत रुतले, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा धक्का बसणार, अशा त्या अफवा. विचित्र गोष्ट ही की त्या जिथे पसरल्या तिथे धक्के जाणवले होते, पण नुकसान फारसं झालेलं नव्हतं. वाचलेल्या माणसाने ‘आता संकट टळलं’ म्हणायला हवं, तर तो आणखी भयंकर संकट येतंय म्हणत होता. अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांना हे कोडं पडलं आणि विचारांमधल्या विसंगतीविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध सिद्धांताची सुरुवात इथून झाली. त्यांचं उत्तर असं: लोक आधीच घाबरलेले होते. डोळ्यांसमोर मात्र घाबरण्याजोगं काही नव्हतं. मग त्या भीतीला शोभेल असं कारण त्यांनी शोधून काढलं.

भावना आधी आणि गोष्ट नंतर. केटच्या बाबतीतही लोकांना ‘काहीतरी गडबड आहे’ हे आधी वाटलं, आणि त्या वाटण्याच्या मापाची गोष्ट नंतर शिवली गेली. पोटाची शस्त्रक्रिया त्या मापाला फार लहान पडत होती.

परकीय हात होता का? थोडा होता. रशियाशी संबंधित एका अपप्रचार यंत्रणेच्या खात्यांनी या तर्कांना हवा दिली, असं वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं. १८ मार्चलाच रशियन माध्यमांत राजे चार्ल्स वारल्याची बातमी आली, आणि मॉस्को व किव्ह इथल्या ब्रिटिश दूतावासांना ती खोटी असल्याचं सांगावं लागलं. पण केटचं लाकूड आधीच पेटलेलं होतं. बाहेरच्यांनी फुंकर घातली, काडी ओढली नाही.

लंडनहून बोरिवलीपर्यंत

आपल्यापर्यंत हे कसं आलं? टिकटॉक भारतात जून २०२०पासून बंद आहे. त्यामुळे तिथला व्हिडिओ आधी इन्स्टाग्रामवर रील होऊन येतो, मग त्यातला फोटो उचलून कुणी हिंदी किंवा मराठीत चार ओळी लिहितो, आणि त्या व्हॉट्सॲपवर पडतात. प्रत्येक मुक्कामावर काहीतरी गळतं. सगळ्यात आधी गळतात ते ‘कदाचित’, ‘अमुक म्हणतो’, ‘पुष्टी झालेली नाही’ हे शब्द. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी हेही पाहिलं होतं. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना तपशील कमी होत जातात, उरलेले ठळक होतात आणि गोष्ट ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या साच्यात बसते.

आपला साचा कुठला, ते सांगायला नको. केट आणि मेगन या जावा. मग थोरल्या सुनेला सासरी त्रास, धाकटीने काढता पाय घेतला, आता सासरे आजारी आणि गादीचं काय होणार, असं सगळं कथानक दुपारी लागणाऱ्या मालिकेसारखं आपोआप भरून निघतं. इंग्लंडात त्याच बातमीवर तोतया बाईचं, हेरगिरीचं कवच चढत होतं. प्रत्येक जण आपल्याकडचा मसाला घालतो.

व्हॉट्सॲपची अडचण वेगळीच आहे. तिथे मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे अफवा कुठून निघाली हे बाहेरून दिसत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षुकी करणाऱ्या पाच जणांना ठार मारलं. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२०पासून, खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. तो बाण म्हणजे ‘हे पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही आणि बहुधा त्याच्या आधीच्यानेही नाही’. पण आपण बाण पाहत नाही, पाठवणारी मामी पाहतो. विश्वास मामीवर असतो आणि तो परस्पर मेसेजच्या खात्यात जमा होतो.

मामीकडून एकदा, ऑफिसातून एकदा, रीलवर एकदा. तेच वाक्य तीनदा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं. १९७७पासून प्रयोगांनी पुन्हा पुन्हा दाखवलेली ही गोष्ट आहे. यात शिक्षण किंवा हुशारी फारशी आड येत नाही.

मुंबईला याची घरची उदाहरणं आहेत. जानेवारी २०२२मध्ये लतादीदी ब्रीच कँडी रुग्णालयात असताना त्या गेल्याच्या अफवा इतक्या उठल्या की कुटुंबाच्या वतीने पुन्हा पुन्हा खुलासे द्यावे लागले. त्या गेल्या ६ फेब्रुवारीला. आणि केटच्या प्रकरणाआधी महिनाभर, २ फेब्रुवारी २०२४ला, पूनम पांडे हिच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावरून तिच्या मृत्यूची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी तीच जिवंत हजर झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जागृती करायची होती म्हणे. अधिकृत खात्यावरची बातमीही बनावट असू शकते, हा धडा लोकांनी घेतला. तो धडा त्यांनी पुढच्या महिन्यात केटच्या अधिकृत फोटोला लावला, तर त्यांना एकदम मूर्ख कसं म्हणायचं?

मग राजवाड्याने सांगायला हवं होतं का?

इथे माझं मन एका बाजूला जात नाही. केटला तीन मुलं आहेत. जॉर्ज तेव्हा दहा वर्षांचा, शार्लट आठ, लुई पाच. त्यांना समजेल अशा रीतीने सांगायला वेळ लागला, असं ती स्वतः म्हणाली, आणि शाळेला ईस्टरची सुट्टी लागेपर्यंत घोषणा थांबवण्यात आली. वर्गात बाकावरच्या मित्राकडून आईचा कर्करोग कळू नये, एवढी अपेक्षा कुठल्याही आईची असेल. दुसरीकडे जगाचा दबाव असा की तिने उपचार घेतलेल्या रुग्णालयात कुणी तिची फाइल उघडून बघायचा प्रयत्न केला का, याची चौकशी लावावी लागली. जपानमध्ये तर राजकन्या माकोच्या साखरपुड्यावरून वर्षानुवर्षं चाललेल्या टीकेमुळे आणि कुजबुजीमुळे तिला गंभीर मानसिक आघाताचा विकार झाल्याचं ऑक्टोबर २०२१मध्ये राजघराण्याच्या कचेरीनेच जाहीर केलं. त्याच महिन्याच्या शेवटी तिने लग्न केलं आणि राजघराणं सोडलं.

सगळं सांगूनही काहींचं समाधान होत नाही, हेही खरं. डायनाच्या अपघातावर लंडन पोलिसांनी ८३२ पानांचा अहवाल दिला, २००८मध्ये ज्यूरीने मद्यधुंद चालकाच्या आणि मागे लागलेल्या गाड्यांच्या बेदरकारपणावर ठपका ठेवला. ‘मारलीच’ म्हणणारे आजही भेटतात.

पण केटच्या बाबतीत पुढे जे झालं ते मला जास्त बोलकं वाटतं. १५ जून २०२४ला ती राजाच्या वाढदिवसाच्या संचलनात हजारो लोकांसमोर दिसली. ९ सप्टेंबरला तिने स्वतःच्या आवाजातल्या व्हिडिओतून केमोथेरपी संपल्याचं सांगितलं. १४ जानेवारी २०२५ला आजार आटोक्यात आल्याचं सांगितलं. मधल्या काळातही ती अधूनमधून, थोडी थोडी, पण नियमित दिसत राहिली. कर्करोग नेमका कुठला, हे तिने सांगितलं नाही. आजाराबद्दलची मूळ संदिग्धता म्हणजे जवळजवळ जिथल्या तिथे होती. तरीही त्या प्रश्नावरून मार्चसारखं वादळ उठलं नाही. लोकांना रिपोर्ट नको होता. बाई आहे कुठे, एवढंच पाहायचं होतं.